आराखड्याची वही : एका द्विशिक्षकी शाळेच्या नोंदी

१८ जून २०२५, बुधवार

शाळा सोमवारी उघडली. पट ४७. पहिली ९, दुसरी १३, तिसरी १२, चौथी १३. यातली १९ लेकरं तांड्यावरची, बाकी गावातली. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमच्यासारख्या शाळा पावलोपावली आहेत. साठ पटापर्यंत दोन शिक्षक हा शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब, म्हणून सर आणि मी. चार वर्ग दोघांत, आणि मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडे.

यंदा शाळा विकास आराखडा नव्याने करायचा आहे. २००९ च्या कायद्याचं कलम २२. तो शाळा व्यवस्थापन समितीने करायचा, तीन वर्षांचा, आणि मी समितीची सदस्य सचिव. मागचा आराखडा शोधला तर पोषण आहाराच्या पावत्यांखाली सापडला. चाळताना तिसऱ्या पानावर थबकले. तिथे दुसऱ्याच गावाचं नाव! तेव्हा शेजारच्या केंद्रातल्या शाळेची फाइल पेनड्राइव्हवर आणली होती, नावं बदलताना एक जागा राहून गेली. टाइप मीच केलं होतं. खाली अध्यक्षांची सही, माझी सही, गोल शिक्का. तीन वर्षांत ते नाव कोणाच्या नजरेला आलं नाही, कारण कागद कोणी उघडलाच नाही. मीसुद्धा.

ध्येय या रकान्यात ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’. मूल्ये या रकान्यात समता, बंधुता, श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, स्वच्छता. ही यादी कोणत्याही गावाला चालते, म्हणून तर उचलता आली. यावेळी कॉपी करायची नाही. त्यासाठी ही वही.

३० जून, सोमवार

पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय काल रद्द झाल्याची घोषणा झाली. स्टाफरूममध्ये (म्हणजे कपाटाच्या आडोशाला) सर म्हणाले, चला, एक ओझं गेलं. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी बोलतात. त्यांची दुसरी भाषा मराठी, ती आपण पहिली धरून शिकवायलोत. यावर पुन्हा लिहीन.

५ जुलै, शनिवार

आज तिसरी-चौथीच्या २५ मुलांचं वाचन एकेकाला जवळ बसवून घेतलं. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणित अभियानाचं लक्ष्य तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. हे अभियान ५ जुलैलाच सुरू झालं होतं, २०२१ साली; चार वर्षं झाली. आमचा हिशेब असा: उतारा वाचणारे ८, वाक्यापर्यंत ७, शब्दापर्यंत ६, नुसती अक्षरं ओळखणारे ४.

चौथीतला एक पोरगा, तांड्यावरचा. परिपाठात बातम्या तोच सांगतो, आवाज खणखणीत. पुस्तक उघडून दिलं तर धडा धाडधाड वाचायला लागला. एकही अडखळ नाही. मी खूश होऊन कागदावर खूण करणार, तेवढ्यात त्याचं बोट दिसलं. तोंड तिसऱ्या ओळीवर होतं आणि बोट अजून पहिल्या ओळीच्या मध्यात. मी पुस्तक मिटलं, मध्येच एक पान उघडलं, वाच म्हटलं. तो पानाकडे बघत राहिला, मग अगदी सरळपणे म्हणाला, “मॅडम, ह्यो धडा कोणता हाय? नाव सांगा, वाचतो.”

धड्याचं नाव कळलं की तो पाठ म्हणणार होता. तीन वर्षं त्याने हेच केलंय. बाकीचे वाचत असताना ऐकून ऐकून त्याने अख्खी पुस्तकं कानात साठवली आहेत. एवढी स्मरणशक्ती माझ्याकडे नाही.

संध्याकाळी त्याच्या मागच्या वर्षीच्या वर्णनात्मक नोंदी काढल्या. ‘वाचन ओघवते. उच्चार स्पष्ट.’ अक्षर माझं.

१९ जुलै, शनिवार

समितीची सभा. कायद्याने समितीत ७५ टक्के पालक आणि एकूणात निम्म्या महिला. कागदावर आमच्याकडे तेवढ्या आहेत, सभेला मात्र बहुधा त्यांच्या सह्या येतात. आज सभा मुद्दाम दुपारी चारला, खुरपणीहून बायका परतताना, शाळेच्या ओट्यावर घेतली. सात जणी आल्या.

मी एकच विचारलं: तीन वर्षांनी आपली शाळा कशी दिसावी? पुरुष मंडळींची यादी पाच मिनिटांत तयार. संरक्षक भिंत, बोअर, प्रोजेक्टर, रंगरंगोटी, दर्शनी कमान. कमानीवर कोणाचं नाव यावरही जरा बोलणं झालं. आमच्या पटाला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला जास्तीत जास्त २५,००० रुपये, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. त्यात खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती. भिंतीला जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीकडे हात पसरावा लागेल. हे सांगितलं तसे सगळे थोडे गप्प झाले.

मग कडेला बसलेली एक आई, तोंडाला पदर लावून, म्हणाली, “एक इचारू का मॅडम? शाळा झाडायला रोज आमच्या पोरीच कामून?”

मी म्हणाले, तसं काही नाही, सगळेच झाडतात. ती म्हणाली, “सगळे कुठं? पोरं घंटी वाजवायलेत.”

खरं होतं. घंटा पोरं वाजवतात, झेंड्याची दोरी पोरं धरतात, केंद्रप्रमुख आले की खुर्ची पोरं आणतात. झाडणं, पिण्याच्या पाण्याचा माठ भरणं, रांगोळी पोरींकडे. कोणी तसं ठरवून दिलेलं नव्हतं. आणि त्या ओट्यावर, बरोबर माझ्या डोक्याच्या वर, निळ्या ऑइलपेंटात लिहिलंय: स्त्री-पुरुष समानता.

२८ जुलै, सोमवार

आठवडा झाला, कामं हजेरी क्रमांकाने. पहिले दोन दिवस वर्गात धुळीने एकमेकांची तोंडं दिसेनात. पोरांना खराटा आणि केरसुणी यातला फरक माहीत नाही. अंगणातला खराटा घेऊन फरशी झाडायलेत, तोही वाऱ्याच्या तोंडाला. तिसरीतल्या एका पोरीने शेवटी एकाच्या हातून केरसुणी घेतली, वाकून दाखवलं: आधी पाणी शिंपड, मग आपल्याकडे ओढ, ढकलू नको. बाकीची रांगेत बघायला. श्रमप्रतिष्ठेचा यापेक्षा बरा पाठ मी आजवर घेतलेला नाही.

घंटेवर पोरींची झुंबड. पहिलीतलीचा हात पोचत नाही, म्हणून खालून वीट.

एका नातवाची आजी तक्रार घेऊन आली. “आमच्या खानदानात गड्यानं केरसुणी धरली न्हाई.” सरांनी तिला बसवलं, चहा दिला, आणि म्हणाले, आजी, मी लातूरला एकटा खोली करून शिकलो, चार वर्षं मीच झाडत होतो. आजीने त्यांच्याकडे कीव येऊन पाहिलं. पण नातू आजही झाडायला होता.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मूल्यांच्या रकान्यावर सरांशी तासभर खल. त्यांचं म्हणणं, शासनाची यादी आहे, मूल्यवर्धनचे उपक्रम आहेत, तेच लिहून टाकू. मूल्यवर्धन हा कार्यक्रम २००९ साली बीड जिल्ह्यातच सुरू झाला, तेव्हा आपल्याला नवा नाही. उपक्रम चांगले आहेत आणि आम्ही घेतोही. जोडीने चर्चा, गटात काम, लेकरांना आवडतं. पण आराखड्यात मला असं वाक्य हवं की ते मोडलं तर चौथीतल्या पोराला सुद्धा बोट दाखवून म्हणता यावं, मॅडम, आज मोडलं. ‘समता’ मोडल्याचं कोणाला कळणार? ते तर सहा वर्षं माझ्या डोक्यावर लिहिलेलं होतं.

सर म्हणाले, मग असली वाक्यं किती होतील? म्हटलं, दोन झाली तरी बास.

पहिलं लिहून टाकलं: झाडणं, पाणी भरणं, घंटा, झेंडा ही सगळी कामं हजेरी क्रमांकाने येतील.

२२ ऑगस्ट

पोळा. वही बंद.

२ सप्टेंबर, मंगळवार

सर्वोच्च न्यायालयाच्या कालच्या निकालाने सर हादरलेत. सेवेची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्यांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हावं लागणार. त्यांची चौदा शिल्लक आहेत, माझीही आठ. दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तापलेला. आज आराखड्याचं काही झालं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

पंगत. हे लिहायला तीन दिवस टाळलं.

दुपारची खिचडी व्हरांड्यात. प्राथमिकला लेकरामागे १०० ग्रॅम तांदूळ, डाळ, तेल, कधी मटकी. स्वयंपाकी मावशी हात राखून वाढत नाहीत, तेल तेवढं बेताने. गेल्या आठवड्यात मी सहज मोबाइलवर फोटो काढला, उपक्रम म्हणून पाठवायला. रात्री घरी तो मोठा करून बघितला तेव्हा कळलं की लेकरं गल्ली गल्लीने बसलीत. खांबापासून दारापर्यंत मधली आळी, पलीकडे तांडा, आणि पायरीच्या टोकाला, जिथे पागोळ्या पडतात, वस्तीवरची पाच लेकरं. मध्ये दीड हात मोकळी फरशी. कोणी कोणाला उठवत नाही, भांडत नाही. रोज तसंच बसतात, आणि मी रोज तिथून ये-जा करते.

यावर परिपाठात भाषण द्यायचं नाही असं ठरवलं. भाषणाने त्या पाच लेकरांकडेच सगळ्यांची मान वळली असती. सरांनी युक्ती काढली. ताटांच्या मागे ऑइलपेंटने १ ते ४७ आकडे टाकले, खडूने फरशीवर तेच आकडे, आणि ताटं वाटायचं काम रोज वेगळ्याकडे. ताट ज्या आकड्याचं त्या आकड्यावर बसायचं. वर सम-विषम, दोनाचा पाढा, शेजाऱ्यांची बेरीज, गणित फुकटात. आज दुसरा दिवस. खेळ म्हणून लेकरांनी उचललंय.

दुसरं वाक्य: पंगतीतली जागा रोज बदलेल.

एक घरून ताट आणणारी आहे, अजूनही आणते. तिच्या वडिलांना मी दोनदा भेटले. ते हसून बोलतात, चहाला बसवतात, आणि ताट येतच राहतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी ध्वजारोहण. दोरी ओढायचा क्रमांक आज चौथीतल्या एका पोरीचा आला, गाठ सुटता सुटेना, सगळा गाव श्वास रोखून. सुटली.

गावातल्या एका आजोबांना बोलायला बोलावलं होतं. शहाऐंशी वर्षांचे आहेत. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं तेव्हा नऊ वर्षांचे. मला वाटलं रझाकारांच्या गोष्टी सांगतील. त्यांनी शाळेची सांगितली. “आमचा मास्तर उर्दूत शिकवायचा. घरी माय मराठी बोलायची. दोन वर्षं मास्तर काय म्हणायला मला कळंना. मी आपलं सगळ्यांच्या मागं जोरात म्हणायचो, म्हंजी मार बसत नव्हता.” आणि त्यांनी खरंच अलिफ, बे, पे म्हणून दाखवलं, गडगडत, एका दमात. लेकरं खूप हसली. अर्थ विचारला तर म्हणाले, “कुणाला म्हाईत!”

मी चौथीच्या रांगेकडे बघितलं. तो पोरगा सगळ्यांबरोबर हसत होता.

रात्री तिसरं वाक्य लिहिलं: घरची बोली वर्गात बोलली तर कोणी हसणार नाही आणि कोणी रागावणार नाही, शिक्षकसुद्धा.

२९ सप्टेंबर, सोमवार

आठ दिवस पाऊस, पाऊस आणि पाऊस. मराठवाडाभर हेच. ओढ्याचा पूल दोनदा पाण्याखाली, तांड्याची लेकरं चार दिवस पलीकडे अडकली. दुसरीच्या खोलीत छत गळतंय, हजेरीपटाच्या कडा भिजल्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं, शेंगांना कोंब. काही पालक ऊसतोडीच्या मुकादमाकडे उचल (आगाऊ पैसे) घ्यायला गेलेत असं मावशींकडून कळलं. दसऱ्याच्या आधीच.

७ ऑक्टोबर, मंगळवार

गेले चार दिवस शाळा सुटल्यावर घरोघर. यंदा १७ लेकरांचे आई-बाप ऊसतोडीला जाणार. कोणी सांगलीकडे, कोणी कोल्हापूरकडे, दोन घरं कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली आणि बहुतेकांची खर्चूनही झालेली. ‘मुलांना नेऊ नका’ हे त्यांना सांगणं सोपं, त्यांनी ऐकणं अवघड. ज्या पोरीला शाळेत ठेवा म्हणते, तीच फडात धाकट्याला सांभाळते म्हणून आईचा कोयता चालतो.

चौथीतल्या त्या पोराच्या घरी सगळ्यात शेवटी गेले. त्याला वाचता येत नाही हे त्याच्या आईला मी आजवर सांगितलं नव्हतं. सांगितलं. ती म्हणाली, “आवो, त्यो तर समदं पुस्तक म्हणून दावतो.” मी तिच्यासमोरच पुस्तक उघडून मधलं पान दाखवलं. त्याने मान खाली घातली. तिने मला एकच विचारलं, “मंग तीन साल तुमी काय करायला होता?”

यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते बनवलंही नाही. थोड्या वेळाने तिने चहा ठेवला. म्हणाली, आजीपाशी ठेवते, पण सांजच्या भाकरीचं तुम्ही बघा.

चौथं वाक्य याच घरातलं: ज्याला जे येत नाही ते त्याच्या आई-बापाला त्याच महिन्यात सांगायचं.

हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवला. वसतिगृह हे नावच मोठं. लेकरं रात्री आजीजवळ झोपतात, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी सुट्टीनंतर हजेरी घेतली. १७ पैकी ८ राहिले, ९ गेले. गेलेल्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिलंय, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेने त्यांना बसवून घ्यावं. किती जण बसतील ते माहीत आहे. नऊही पालकांचे मोबाइल नंबर भिंतीवर लावले.

प्रस्तावाची मंजुरी आलेली नाही. फोन केला की ‘वर पाठवलंय’. वर म्हणजे कुठे ते आकाशाकडे बघूनच कळावं. तोवर समितीतल्या दोघांनी ज्वारी दिली, अध्यक्षांनी डाळ. मावशी संध्याकाळच्या भाकरी करायलेत, त्याचे पैसे कुठून द्यायचे ते अजून ठरलेलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गोरमाटीचे शब्दपट्टे. पुठ्ठ्यावर एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला वर गोरमाटी शब्द, खाली मराठी, दोन्ही देवनागरीत. याडी आणि आई. बाटी आणि भाकरी. शब्द लेकरांनीच सांगायचे, मी लिहायचे. माझा उच्चार ऐकून वर्ग लोळायचा बाकी होता. आमचं तिसरं वाक्य पहिल्यांदा मोडलं ते माझ्या बाबतीत. एक पोरगी उठून म्हणाली, “मॅडमला हसायलेत, नेम मोडला!” मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

चौथीतला तो पोरगा आता या पट्ट्यांचा मालक आहे. ‘याडी’ त्याने आवाज न काढता आधी ओठांनी जुळवलं, मग बोट ठेवून वाचलं. बोट आणि तोंड एकाच अक्षरावर.

१९ डिसेंबर, शुक्रवार

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. सगळं गाव शेतात, शाळेत पाखरू नाही. एका पालकाच्या कोपीसमोर बसून भज्जी, बाजरीचे उंडे आणि दोन तांबे आंबील. आराखड्याचा मसुदा पिशवीत होता, पिशवीतच राहिला.

२७ डिसेंबर, शनिवार

समितीने आराखडा मंजूर केला. नऊ पानं, हाताने लिहिलेली. मूल्यांच्या रकान्यात ती चार वाक्यं. ध्येयाच्या रकान्यात: मार्च २०२८ पर्यंत चौथीतून बाहेर पडणारं प्रत्येक लेकरू न पाहिलेलं पान वाचेल. पहिल्या वर्षी वाचन, छताची गळती आणि पोरींच्या स्वच्छतागृहाची कडी. दुसऱ्या वर्षी बोअर आणि हंगामी मुक्कामाची सोय ऑक्टोबरच्या आत. संरक्षक भिंत तिसऱ्या वर्षावर. यावरून वाद झाला. एक सदस्य उठून गेले, पोरं-पोरी झाडू मारतात हे काय आराखड्यात लिहायचं असतं का, म्हणत. पण त्यांनी सही केली होती.

तीच आई, ओट्याच्या कडेची, आज पुढे बसली होती. तिने चारही वाक्यं मोठ्याने वाचायला लावली, सरांना. मग म्हणाली, मोडलं तर कुणी बघायचं, ते पण लिवा. तिचंच नाव लिहिलं.

ज्या कार्यालयात प्रत द्यायची तिथे पाने चाळून मला सांगण्यात आलं की ध्येयात ‘सर्वांगीण विकास’ हा शब्द दिसत नाही, नमुन्यात आहे. मी पेन मागितलं आणि तिथेच वरच्या मोकळ्या जागेत लिहून दिला. पोच मिळाली.

९ जानेवारी २०२६, शुक्रवार

पुन्हा वाचन घेतलं. गेलेले चौघे तिसरी-चौथीतले, म्हणून २१ लेकरं. उतारा वाचणारे ११, वाक्यापर्यंत ६, शब्दापर्यंत ३, नुसती अक्षरं १. गेलेल्यांपैकी एकीची तपासणी फोनवर. फडातून आवाज तुटत होता, मागे ट्रॅक्टर. तिच्याजवळ पुस्तक नव्हतं, मोळीच्या चिठ्ठीवरचे आकडे वाचून दाखवले.

चौथीतल्या पोराला कुठलंसं पान उघडून दिलं. त्याने धड्याचं नाव विचारलं नाही. बोट ठेवलं, सुरू झाला. जोडाक्षराला थांबतो, मागे जातो, पुन्हा येतो. मिनिटाला ३१ शब्द. परिपाठातला खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे, अगदी हळू वाचत होता.

आजीला संध्याकाळी जाऊन सांगितलं: ३१, पाहिजेत ६०. आजी म्हणाली, अर्धं झालं की.

मंजुरी अजून नाही. मावशींचे दोन महिन्यांचे द्यायचेत. अंगणातला खराटा झिजून मूठभर राहिलाय, सोमवारच्या आत नवा आणायचा.